काउंटीच्या शेवटच्या फेरीसाठी निघालेल्या आपल्या खेळाडूंना खुले पत्र

प्रति,
मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ संघांतून सप्टेंबरमध्ये इंग्लंडला काउंटी खेळायला जाणारे सर्व खेळाडू

सप्रेम नमस्कार.

हल्ली ऑगस्ट संपत आला की कुठल्यातरी काउंटीकडून बातमी येते, मोसमातल्या उरलेल्या सामन्यांसाठी अमुक भारतीय खेळाडू करारबद्ध. बातमीत तुमच्या रणजीतल्या धावा असतात, कसोटी खेळला असाल तर तेही असतं. त्या काउंटीने तुम्हाला नेमकं कशासाठी बोलावलंय, हे मात्र त्यात क्वचितच सापडतं. बऱ्याचदा कारण साधं असतं. संघ दुसऱ्या, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर अडकलेला असतो, वर जायला थोडे गुण कमी पडत असतात आणि हातात दोन-तीन सामने उरलेले असतात. ते गुण मिळवायला तुम्ही हवे असता.

हे गुण कसे मिळतात आणि कसे हातचे जातात, याचा हिशेब तुम्ही विमानात बसण्याआधी पाठ करावा, एवढ्यासाठी हे पत्र. रणजीतही गुण असतात, पहिल्या डावाच्या आघाडीचा हिशेब तुम्हाला झोपेतही जमतो. काउंटीचं गणित वेगळं आहे. शेवटच्या सामन्यात सत्तर धावांची चांगली खेळी चुकीच्या वेगाने झाली तर ती संघाच्या अंगाशी येऊ शकते.

आधी मांडणी. काउंटी चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे काउंटी संघांच्या चार दिवसांच्या सामन्यांच्या स्पर्धेत, अठरा संघ आहेत. २००० सालापासून दोन डिव्हिजन आहेत. २०२२ पासून पहिल्या डिव्हिजनमध्ये दहा संघ आणि दुसऱ्यात आठ. सामने प्रत्येकाला चौदा. दुसऱ्या डिव्हिजनमधले आठ संघ एकमेकांशी घरी आणि बाहेर असे दोनदा खेळतात, म्हणजे सोपं वेळापत्रक मिळालं अशी सबब तिथे कोणालाच नसते. वर दोन जातात, खाली दोन येतात. तिसऱ्याला काहीही मिळत नाही, बाद फेरीही नाही.

आणि ही संधी हुकली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नसतो. लेस्टरशायर २००३ मध्ये खाली आलं ते २०२५ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद मिळवून वर गेलं. बावीस वर्षं. त्यातल्या २०१३ आणि २०१४ या लागोपाठ दोन मोसमांत त्यांना चॅम्पियनशिपचा एकही सामना जिंकता आला नव्हता. त्यांच्याबरोबर वर गेलेलं ग्लॅमॉर्गन २००५ पासून खाली होतं. त्या ड्रेसिंग रूममधल्या काही जणांची सगळी कारकीर्द दुसऱ्या डिव्हिजनमध्येच गेलेली असते. तुम्ही तिथे तीन आठवडे असाल, पण शेजारच्या खुर्चीतला माणूस त्या चार दिवसांची कैक वर्षं वाट पाहत असतो.

आता गुण. खाली दिलेले नियम २०२५ च्या मोसमातले आहेत. तुमच्या मोसमात काही बदललं असेल तर संघाच्या व्यवस्थापकाकडून नियमपत्रक मागून घ्या आणि स्वतः वाचा. विजयाला १६ गुण. ड्रॉ किंवा टाय झाला तर ८. पराभवाला शून्य. याशिवाय पहिल्या डावात बोनस गुण, तेही फक्त पहिल्या ११० ओव्हरमध्ये. फलंदाजीसाठी २५०, ३००, ३५०, ४०० आणि ४५० धावांवर एकेक, असे पाच. गोलंदाजीसाठी तीन, सहा आणि नऊ विकेटवर एकेक, असे तीन. एका सामन्यातून जास्तीत जास्त २४. बोनस गुण एकदा मिळाले की सामना हरलात तरी तुमचेच राहतात.

ड्रॉचे गुण मध्ये बदलले होते. २०२३ मध्ये ५ होते, २०२४ पासून पुन्हा ८ झाले. फरक तीनच गुणांचा, पण त्याने शेवटच्या दिवसाचा सगळा विचार पालटतो. ड्रॉला ५ असताना कर्णधार जुगार खेळायला लवकर तयार होतो. ८ असले की विजयाच्या निम्मे गुण काहीही न गमावता पदरात पडतात, मग समोरचा कर्णधार तुम्हाला सहजासहजी लक्ष्य देत नाही. ‘शेवटच्या दिवशी ते डाव घोषित करतील, मग बघू’ या आशेवर पहिल्या डावात रेंगाळू नका.

एक उदाहरण नीट सोडवून पाहू. समजा तुमचा संघ दुसऱ्या जागेवर आहे आणि तिसऱ्या संघापेक्षा १४ गुणांनी पुढे आहे. शेवटची फेरी सगळीकडे एकाच वेळी सुरू होते. तिसऱ्या संघाला जास्तीत जास्त २४ मिळू शकतात. म्हणजे तुम्हाला १० मिळाले तर बरोबरी आणि ११ मिळाले तर निर्विवाद बढती. बरोबरी झाली तर आधी पाहतात कोणाचे विजय जास्त, म्हणून विजयांचा रकानाही तोंडपाठ हवा. ११ कसे होतात? ड्रॉचे ८ आणि बोनसचे ३. हरलात तर कितीही चांगले खेळलात तरी बोनसचे ८ हीच कमाल मर्यादा. म्हणजे पहिल्या सकाळी तुमच्यापुढे कामं दोनच: हरायचं नाही आणि तीन बोनस गुण मिळवायचे.

पण हा हिशेब पहिल्या सकाळचा. दुसऱ्या दिवशी बातमी येते की तिसऱ्या जागेवरचा संघ पहिल्या डावात २३० वर आटोपला. त्यांचे फलंदाजीचे पाचही बोनस गुण गेले. आता ते जिंकले तरी १६ अधिक ३, म्हणजे १९. तुमची गरज ११ वरून ६ वर आली. नुसता ड्रॉ आता पुरतो. या क्षणापासून ३५० व्या धावेसाठी हवेत फटका मारणं हा निव्वळ धोका आहे, आणि तासाभरापूर्वी तोच फटका संघाची गरज होती. हे क्रीजवर उभ्या असलेल्या माणसाला कळलं पाहिजे. बारावा खेळाडू पाण्याबरोबर निरोप आणतो, पण निरोप समजायला गणित आधीच डोक्यात असावं लागतं. दर मध्यंतरात विश्लेषकाकडून तीनच आकडे विचारा. आपल्याला अजून किती हवेत, त्यांना अजून किती मिळू शकतात, ११० मधल्या किती ओव्हर उरल्यात.

फलंदाजांनी वेगाचा अंदाज बांधून ठेवावा. ११० ओव्हरमध्ये २५० म्हणजे ओव्हरमागे सव्वादोनच्या आसपास, ३०० ला पावणेतीन, ३५० ला ३.१८, ४०० ला ३.६४, ४५० ला चारच्या वर. सप्टेंबरच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ४५० क्वचित होतात, त्यामुळे खरी झुंज ३०० ते ४०० या पट्ट्यातली. समजा ९० ओव्हरमध्ये ५ बाद २९०. उरलेल्या २० ओव्हरमध्ये ३५० साठी ६० हव्यात, म्हणजे ओव्हरला तीन, तेही पाच विकेट हातात ठेवून. ४०० साठी ११० हव्यात, ओव्हरला साडेपाच. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे थेट ४०० कडे झेपावणं. दोन विकेट झटपट जातात, शेपूट उघडं पडतं आणि ३३५ वर डाव संपतो. चौथ्या गुणापायी हक्काचा तिसराही जातो. आधी १०३-१०४ ओव्हरपर्यंत ३५० गाठा, मग जे काही हाणायचं ते हाणा. ११० वी ओव्हर संपली की बोनसचं दार बंद. त्यानंतरच्या धावा फक्त सामन्याच्या.

याची उलट बाजूही तितकीच घातक. परदेशी खेळाडू म्हणून आलेला फलंदाज एका टोकाला खुंटा ठोकून उभा राहतो, दीडशे चेंडूंत ५५ करतो, बाद होत नाही, आणि ११० ओव्हरला धावफलक ३४३ दाखवतो. त्याच्या खेळीला कोणी नावं ठेवणार नाही. तक्त्यात मात्र एक गुण कमी पडलेला असतो, आणि एका गुणावर बढत्या गेल्या आहेत.

बोनस गुणांचं महत्त्व पाहायचं असेल तर २०१० चा ओल्ड ट्रॅफर्डचा सामना आठवा. तो विजेतेपदाचा होता, पण गणित हेच. पावसाने वेळ खाल्लेला, विजय शक्य नाही, नॉटिंगहॅमशायरला सहा बोनस गुण हवे होते. तेव्हा ४०० धावांवर पाचवा गुण मिळायचा. त्यांनी ९ बाद ४०० होताच डाव घोषित केला, म्हणजे पाच झाले. सहाव्यासाठी लँकेशायरच्या तीन विकेट हव्या होत्या. पाच ओव्हर पुऱ्या व्हायच्या आत ३ बाद ११ झाले आणि गुण मिळाला. सॉमरसेट आणि नॉटिंगहॅमशायर दोघांचेही २१४ गुण. नॉटिंगहॅमशायरचे विजय सात, सॉमरसेटचे सहा. तिथेच विजेतेपद ठरलं.

गोलंदाजांसाठी या ११० ओव्हरचा अर्थ निराळा. दुसरा नवा चेंडू ८० ओव्हरनंतर मिळतो. म्हणजे बोनसच्या शर्यतीत तो तुमच्याकडे फक्त तीस ओव्हर असतो. समोरचा संघ ८० ओव्हरला ५ बाद २६० असेल आणि तुम्हाला सहावी आणि नववी विकेट हवी असेल तर चेंडू लगेच घ्या. ‘स्पिनर चांगला टाकतोय, आणखी पाच ओव्हर बघू’ हा विचार एरवी शहाणपणाचा असतो, इथे तो सहाव्या हिश्शाइतका वेळ खातो. शिवाय त्या तीस ओव्हरमध्ये दमलेला पहिला गोलंदाज टाकणार की ताजा, हे ६५ व्या ओव्हरलाच ठरवून त्याला विश्रांती द्यावी लागते. आणि समोरचा कर्णधार आठ बाद असताना डाव घोषित करून नववा बळी नाकारू शकतो, हेही लक्षात असू द्या.

ओव्हरच्या गतीबद्दल जरा कडक बोलतो. दिवसाला ९६ ओव्हर, तासाला १६, म्हणजे एका ओव्हरला पावणेचार मिनिटं. विकेट, दुखापत वगैरेंची सवलत वजा करूनही सामन्याअखेर जितक्या ओव्हर कमी, तितके गुण वजा. तीन ओव्हर कमी पडल्या की नऊ विकेट घेऊन मिळवलेले तिन्ही बोनस गुण गेले. आपल्याकडे चेंडूगणिक गोलंदाज आणि कर्णधारामध्ये बैठक भरते, लांब रनअपवाला सावकाश परततो, डावरा-उजवा जोडी आली की क्षेत्ररक्षण रमतगमत बदलतं. तिथे या सवयीची किंमत गुणांत मोजली जाते. स्पिनर असाल तर कर्णधार तुम्हाला कधीकधी केवळ ओव्हर भरून काढायला चेंडू देईल, त्यात कमीपणा मानू नका. ते काम दोन-तीन गुण वाचवतं.

शिस्तीचे गुण तर याहून महाग. सप्टेंबर २०२३ मध्ये ससेक्स बढतीच्या शर्यतीत होतं. होव्हच्या मैदानावर लेस्टरशायरने ४९९ धावांचा पाठलाग ४८३ पर्यंत नेला. जयदेव उनाडकटने ९४ धावांत ६ विकेट काढल्या आणि ससेक्स १५ धावांनी जिंकलं. थरारक विजय, पदरात १६ गुण. पण त्या सामन्यातल्या काही खेळाडूंच्या वर्तनामुळे ससेक्सच्या मोसमातल्या शिस्तभंगाच्या दंडांची संख्या चारवर गेली आणि नियमानुसार १२ गुण कापले गेले. कर्णधार होता चेतेश्वर पुजारा. त्या प्रकारांत त्याचा स्वतःचा हात नव्हता, तरी चारही वेळा कर्णधार तोच असल्याने त्याला एका सामन्याची बंदी बसली, आणि तीही मोसमाच्या अगदी मोक्याच्या वेळी. पंचांकडे बॅट दाखवणं, बाद झालेल्याला दोन शब्द जास्त सुनावणं, अपील करत धावत सुटणं, यांतलं काहीही एकट्याच्या खात्यावर राहत नाही. संघ त्या वर्षी आधी किती वेळा दोषी ठरलाय, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

याच पुजाराचं आणखी एक वर्ष पाहा. २०२२ मध्ये त्याने ससेक्ससाठी आठ सामन्यांत १०९४ धावा केल्या, सरासरी १०९.४०, लॉर्ड्सवर २३१. काउंटीत भारतीय फलंदाजाने याहून देखणा मोसम क्वचितच खेळला असेल. ससेक्स मात्र आठ संघांत सातवं राहिलं. त्यात पुजाराचा दोष शोधू नये, त्या संघाकडे वीस विकेट काढणारी गोलंदाजीच नव्हती. पण एका माणसाच्या धावा आणि संघाचे गुण यांच्यात किती अंतर राहू शकतं, हे त्यातून दिसतं.

अंतर मिटलेलं उदाहरण आपल्या घरचं आहे. श्रीरामपूरचा झहीर खान २००६ मध्ये वूस्टरशायरकडून खेळला तेव्हा भारतीय संघाबाहेर होता. त्या मोसमात त्याने चॅम्पियनशिपमध्ये ७८ विकेट काढल्या, चेम्सफर्डला एसेक्सविरुद्ध एका डावात १३८ धावांत ९. वूस्टरशायर सरेच्या मागोमाग दुसऱ्या जागेवर राहून वर गेलं. तो शेवटच्या तीन आठवड्यांपुरता नव्हता, हे खरं. पण बढतीच्या शर्यतीत गोलंदाज किती मोलाचा, हे त्या वर्षाने दाखवलं. तीन, सहा आणि नऊ विकेटचे गुण दर सामन्यात साठत जातात, आणि वीस विकेटशिवाय १६ गुण सहसा मिळत नाहीत.

अजिंक्य रहाणेने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कार्डिफला केलेलं १०२ धावांचं शतकही या हिशेबात बसवून पाहा. लेस्टरशायर पहिल्या डावात बरंच मागे पडलं होतं. दुसऱ्या डावात रहाणे आणि पीटर हँड्सकॉम्ब दोघांनी शतकं ठोकली आणि सामना ड्रॉ झाला. पराभवाचं शून्य टळलं, ८ गुण आले. दुसऱ्या डावात बोनस नसतो, तिथे वेळ काढणं हीच कमाई असते. शुभमन गिलचं ग्लॅमॉर्गनकडून २०२२ मधलं होव्हचं शतक, १३९ चेंडूंत ११९, बरोबर उलट्या गरजेचं होतं. ग्लॅमॉर्गनला शेवटच्या सामन्यात भरपूर गुण हवे होते, म्हणून तो वेग. तरी वर गेले नॉटिंगहॅमशायर आणि मिडलसेक्स, ग्लॅमॉर्गन तिसरं. कधीकधी सगळं बरोबर करूनही दुसऱ्या मैदानावरचा निकाल आड येतो.

आता हवामान. शेवटची फेरी साधारण २४ ते २९ सप्टेंबरच्या दरम्यान पडते. खेळ एरवीच्या अकराऐवजी साडेदहाला सुरू होतो. सकाळी गवतावर दव असतं, खेळपट्टीत ओल असते, पहिले दीड-दोन तास चेंडू बोलतो. टॉस जिंकणारा बहुधा आधी गोलंदाजी घेतो. पाऊस थांबला तरी खेळ सुरू होत नाही, कारण ऊन कोवळं असतं आणि आउटफिल्ड वाळत नाही. पंच तासातासाने पाहणी करतात आणि तुम्ही पॅड बांधून बसून राहता. चार दिवसांच्या ३८४ ओव्हरमधून शंभर गेल्या तर नवल नाही. उरल्या २८४. विजय हवाच असेल तर समोरच्यांच्या वीस विकेट काढायला १६०-१८० ओव्हर धराव्या लागतात. तुमच्या दोन डावांना मिळून शंभर-सव्वाशे उरतात. म्हणजे पहिला डाव ८५ ओव्हरच्या आसपास आटोपता घ्यावा लागतो, मग ११० ची मुभा कागदावरच राहते. पहिला दिवस वाया गेला की हा हिशेब लगेच नव्याने मांडा.

फॉलोऑनचीही आठवण ठेवा. समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावायला चार दिवसांच्या सामन्यात पहिल्या डावात १५० ची आघाडी लागते. पहिले दोन दिवस एकही चेंडू पडला नाही तर सामना दोन दिवसांचा धरतात आणि फॉलोऑन १०० वर येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी हे कोणालातरी सांगावं लागतं, ही वेळ येऊ नये.

उजेड कमी झाला की पंच लाइटमीटर काढतात. अशा वेळी वेगवान गोलंदाजी चालू असेल तर खेळ थांबण्याची शक्यता जास्त, दोन्ही टोकांनी स्पिन असेल तर पंच बऱ्याचदा खेळ चालू ठेवतात. तुम्हाला विजय हवा असेल आणि संध्याकाळचे साडेचार वाजलेत, तर स्पिनर म्हणून तुमची खरी किंमत तेव्हा कळते. फलंदाजी करत असाल आणि ड्रॉ पुरत असेल तर उजेडाबद्दल पंचांशी बोलण्याचं काम कर्णधारावर सोडा, तुम्ही हातवारे करू नका. वर शिस्तीबद्दल लिहिलंय ते इथेच लागू पडतं.

सामानाबद्दल. इंग्लंडमध्ये वापरला जाणारा ड्यूक्स चेंडू तुम्ही कसोटीत किंवा ‘अ’ संघाकडून हाताळला असेल. त्याची शिवण हाताची आणि उंच, लाखेचा थर चांगला टिकतो, त्यामुळे पन्नासाव्या ओव्हरलाही तो हवेत वळू शकतो. पण ओल्या आउटफिल्डवर तो पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो. क्षेत्ररक्षकांनी तो घरंगळत न फेकता उचलून यष्टिरक्षकाकडे द्यावा, खिशात कोरडा रुमाल ठेवावा. यष्टींमागे चेंडू फलंदाजाला ओलांडल्यानंतरही डुलतो. स्लिपमध्ये उभे राहणारे आपले खेळाडू वानखेडेच्या उसळीच्या अंदाजाने दोन पावलं मागे उभे राहतात आणि झेल पुढे पडतो. पुढे सरका. हात गार पडलेले असतात, बोटं आखडतात, म्हणून ओव्हरच्या मध्ये हात खिशात घालून ऊब घ्या, तिथे सगळेच घेतात. फलंदाजी करतानाही बुटांना लोखंडी खिळे हवेत. रबरी तळव्याचे बूट घालून दुसरी धाव घेताना पाय घसरून धावबाद होणं त्या गवतावर अगदी सहज घडतं. खिळ्यांचा जादा संच आणि ते घट्ट करायची किल्ली बरोबर न्या. गोलंदाजांनी पाय पडतो तिथे लाकडाचा भुसा टाकून मागून घ्यावा, दोन ओव्हरनंतर पुन्हा मागावा, संकोच करू नये.

यजमान संघाकडून खेळताना फिरकीसाठी कोरडी खेळपट्टी बनवा असा आग्रह तुमच्याकडून जाऊ नये. २०१९ मध्ये एसेक्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यातल्या टाँटनच्या खेळपट्टीपायी सॉमरसेटला २४ गुणांची शिक्षा झाली, त्यातले १२ स्थगित. २०२५ मध्ये हॅम्पशायरचे साउथॅम्प्टनच्या खेळपट्टीमुळे ८ गुण कापले गेले आणि ते शेवटच्या फेरीपर्यंत खाली जाण्याच्या भीतीत राहिले. फिरकीपटूला त्या देशात सप्टेंबरमध्ये एरवीही साथ मिळते. युजवेंद्र चहलने २०२४ मध्ये नॉर्थम्प्टनला डर्बीशायरविरुद्ध सामन्यात ९९ धावांत ९ विकेट काढल्या होत्या.

दोन कर्णधारांनी मिळून सामना जिवंत ठेवल्याचं उदाहरण २०१६ चं. लॉर्ड्सवर मिडलसेक्स आणि यॉर्कशायर, दोघांनाही विजेतेपदासाठी विजयच हवा. आधी यॉर्कशायरला शर्यतीत राहायला बोनससाठी ३५० धावा हव्या होत्या, त्या टिम ब्रेस्ननने नाबाद १४२ करत शेवटच्या जोडीपर्यंत ओढून नेल्या. शेवटच्या दिवशी तडजोडीने लक्ष्य ठरलं, ४० ओव्हरमध्ये २४०. यॉर्कशायर १७८ वर आटोपलं, टोबी रोलंड-जोन्सच्या हॅटट्रिकने. टाँटनला आपला सामना आदल्या दिवशीच जिंकून बसलेलं सॉमरसेट दुसरं राहिलं. अशी तडजोड दोघांनाही विजयाची गरज असेल तरच होते. समोरच्याला ड्रॉ पुरत असेल तर ती विसरा आणि पहिल्या दिवसापासून विजयासाठी खेळा. समोरचा संघ तक्त्याच्या मध्यावर, काहीच पणाला नसलेला असेल तर आणखी सावध राहा. त्यांनी नवी पोरं उतरवलेली असतात, पुढच्या मोसमाच्या करारासाठी ती जीव तोडून खेळतात.

नियमपत्रकाचा आग्रह आम्ही का धरतो, याला केंटचं २०१६ चं वर्ष पुरेसं आहे. दुसऱ्या जागेवर येऊनही ते वर गेले नाहीत, कारण पहिली डिव्हिजन आठ संघांची करायची म्हणून त्या वर्षी एकच बढती होती. एसेक्स गेलं, केंट राहिलं. उलट २०१९ मध्ये तीन जागा होत्या.

शेवटचं, आणि सगळ्यांत आग्रहाने. करार करताना शेवटच्या फेरीची तारीख पाहा. २०२४ मध्ये काउंटीची शेवटची फेरी २९ सप्टेंबरला संपणार होती आणि लखनौला इराणी करंडक, म्हणजे रणजी विजेते विरुद्ध शेष भारत हा सामना, १ ऑक्टोबरला सुरू होत होता, त्यात मुंबई होती. २०२५ मध्ये फेरी २७ ला संपली आणि नागपूरला विदर्भाचा इराणी सामना पुन्हा १ ऑक्टोबरला. म्हणजे मध्ये फार तर तीन दिवस, त्यातला एक विमानात. तुमच्या राज्य संघाला तुम्ही हवे असाल तर तिकडे जाणं हेच बरोबर, त्याबद्दल कोणी बोल लावणार नाही. पण ते काउंटीला जुलै-ऑगस्टमध्येच सांगा, म्हणजे ते त्या शेवटच्या सामन्यासाठी दुसरा माणूस बघतील. संघात परदेशी खेळाडू दोनच खेळवता येतात, तुम्ही अडवलेली जागा ऐनवेळी भरणं फार कठीण जातं. बीसीसीआयचं ना हरकत प्रमाणपत्र मागताना त्यावरची शेवटची तारीख वेळापत्रकातल्या चौथ्या दिवसापर्यंत आहे ना, हे तपासा. परतीचं तिकीट त्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढा. चौथ्या दिवशी दुपारी ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात भरलेली बॅग दिसली, तर बाकीच्या दहा जणांना त्याचा अर्थ लगेच कळतो.

कळावे,
काउंटीच्या गुणतक्त्याचा हिशेब ठेवणारे तुमचे मराठी चाहते